ओत, भर, पालथं घाल : एक ते तीन वर्षांच्या मुलाचा खेळ आणि कोकणातलं घर

सव्वा वर्षाचं पोर पडवीत फतकल मारून बसलंय. समोर रोवळी (तांदूळ धुवायची बांबूची टोपली), रोवळीत सहा बटाटे. एकेक बटाटा बाहेर येतो, रोवळी पालथी होते, मग एकेक आत जातो, पुन्हा रोवळी पालथी. वीस मिनिटं हेच. शेवटी घरातलं कुणीतरी ‘काय पसारा मांडलाय’ म्हणत रोवळी उचलून फळीवर ठेवतं. मग रडारड, आणि रडं थांबावं म्हणून हातात मोबाइल.

‘एवढ्याशा पोराशी खेळायचं तरी काय?’ असं आईबाप नेहमी विचारतात. ते पोर वीस मिनिटं खेळतच होतं. मोठ्यांनी रोवळी उचलली नसती तरी पुरलं असतं.

त्या बटाट्यांत काय आहे

पकडणं मुलाला जन्मापासून येतं. तळहाताला बोट लावलं की नवजात बाळही मूठ आवळतं. अवघड असतं ते सोडणं. हव्या त्या क्षणी बोटं उघडणं वर्षाच्या आसपास जमू लागतं, आणि भांड्याच्या नेमकं आत टाकणं त्याच्याही नंतर. म्हणून दहा-अकरा महिन्यांचं बाळ चमचा खाली टाकतं, तुम्ही उचलून दिलात की परत टाकतं. ते तुमचा अंत पाहत नसतं, त्याला नुकतंच ‘सोडता’ यायला लागलेलं असतं. बटाटे रोवळीत टाकणं ही त्यापुढची पायरी.

शिवाय रोवळीच्या तळाशी गेलेला बटाटा दिसेनासा होतो, पण नाहीसा होत नाही. पालथी केली की परत भेटतो. मोठ्यांना ही गोष्ट इतकी उघड वाटते, की मुलाला ती शिकावी लागते हे लक्षातच येत नाही. पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ करण्याच्या खेळात गंमत येते ती यामुळेच.

तेच तेच का, याचं उत्तर सोपं आहे. एकदा घडलं तो योगायोग असेल, दहादा घडलं तर तो नियम. नियम पटला की पोर त्यातली एकच गोष्ट बदलतं: बटाट्याऐवजी कांदा, बसून टाकण्याऐवजी उभं राहून, रोवळीऐवजी मांजराचं भांडं. स्विस अभ्यासक ज्याँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचं असं बारकाईनं निरीक्षण केलं होतं. साधारण दोन वर्षांपर्यंतचं मूल हातापायांनी आणि इंद्रियांनी विचार करतं, असं त्यांनी मांडलं. कोणत्या वयात काय समजतं याच्या त्यांनी आखलेल्या रेघा पुढच्या संशोधनानं बऱ्याच मागेपुढे केल्या, पण हातांनी विचार करण्याचा मुद्दा पक्का राहिला.

एकाच प्रकारच्या हालचालीचा हा जो ध्यास असतो त्याला बालशिक्षणात ‘स्कीमा’ म्हणतात. घरच्या भाषेत, पोराला त्या आठवड्यात एक खूळ लागलेलं असतं. कोणतं खूळ ते ओळखलं की काय द्यायचं ते फारसं शोधावं लागत नाही.

टाकण्याचं खूळ असेल तर ताटातला भात उडणारच. रागावून ते थांबत नाही, टाकायला दुसरी जागा दिली तर निदान ताटातून हलतं. नुकत्याच सोललेल्या नारळाची सहा-सात मोठी सोडणं (वरच्या काथ्याच्या साली) आणि तीन-चार पावलांवर एक घमेलं, एवढं पुरे. आवाज छान येतो, लागलं तरी इजा होत नाही. मात्र परसातल्या जुन्या ढिगातली सोडणं आणू नका, तिथे विंचू असतात. आणि पोर अजून सगळं तोंडात घालत असेल तर काथ्याचे धागे सुटून घशात जातात, अशा वेळी जुन्या साडीच्या चिंध्यांचे मोठ्या माणसाच्या मुठीएवढे चेंडू घट्ट शिवून द्या.

वाहून नेण्याचं खूळ दीड वर्षाच्या सुमारास जोरात असतं. चप्पल देवापुढे सापडते, कांदे झोपाळ्यावर. अशा पोराला धरायला सोपी अशी छोटी पिशवी द्या, तीत दोन-तीन बटाटे म्हणजे पाव-अर्धा किलो वजन, आणि एक खरं काम: ‘हे आजीला देऊन ये.’ वजन घेऊन उंबरा ओलांडताना तोल सांभाळण्याचा जो सराव होतो तो नुसतं हात धरून चालवण्यात होत नाही. झाकण्या-लपण्याचं खूळ असेल तर दोन खुर्च्यांवर जुनी साडी टाका. प्लास्टिकची पिशवी कधीही नको. फिरवण्याच्या खुळासाठी रिकाम्या बरण्या आणि त्यांची झाकणं द्या, पण प्लास्टिकच्या.

चाक आवडणाऱ्यांसाठी पांगुळगाडा उत्तम. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी अजून मिळतात, त्यांत तोही असतो. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. बसकं असलेला चाकांचा वॉकर ही वेगळीच चीज आहे. त्यात मूल लटकतं आणि टाचा टेकत नाहीत. चालणं त्यामुळे लवकर येत नाही, उलट पडवीच्या पायऱ्यांवरून वॉकरसकट खाली जाण्याचा धोका मात्र येतो. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाडा पुढे पळत असेल तर त्याच्या आडव्या दांडीला दोन किलो तांदळाची पुरचुंडी बांधा, वेग आवरतो.

बंबात जाणारं खेळणं

सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त दिवस पुरणारं साहित्य कोकणात रोज बंबात जळतं: करवंटी. जळण म्हणून ती उत्तम आहेच, पण चार बाजूला काढा.

मध्यम किंवा लहान नारळ निवडा. मोठ्या नारळाची करवंटी काठोकाठ भरली तर दीड वर्षाच्या मुलाला एका हातानं पेलत नाही, मनगट वळतं आणि सगळं अंगावर येतं. खोवून झाल्यावर आत चिकटलेलं खोबरं रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी खरवडून काढा. ते राहिलं तर दुसऱ्या दिवशी मुंग्या आणि आठवड्यात बुरशी. बाहेरचा काथ्या सुरीनं साफ करा. मग सगळ्यात महत्त्वाचा काठ: आधी ८० नंबरचा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. काठ झाला की नाही हे बोटानं तपासू नका, मोठ्यांची बोटं राठ असतात. स्वतःच्या गालावरून काठ फिरवा, ओरखडा जाणवला तर अजून घासा.

नारळाच्या दोन अर्धांपैकी एक तळाचं, अखंड असतं. दुसऱ्यावर तीन डोळे असतात, आणि तिन्हींपैकी एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो. त्यात खिळा दाबला की पेन्सिल जाईल एवढं भोक पडतं. बाकीचे दोन बंदच राहतात. म्हणजे एका नारळातून साठवणारी आणि गळणारी अशी दोन खेळणी झाली. दोन नारळ, चार करवंट्या. दोन दिवस उन्हात वाळवा, बोटभर खोबरेल चोळा.

आता परातीत दोन तांबे पाणी, पिण्याचंच, कारण ते तोंडात जाणार. खाली जुना टॉवेल. चारही करवंट्या मांडा आणि गप्प बसा. गप्प बसणं हाच यातला कठीण भाग. ‘असं नाही रे, असं’ म्हणून मोठ्यांनी पहिली करवंटी भरून दाखवली की पोर हात आखडतं आणि पुढचं कसं ते बघत राहतं. खेळ संपला, तमाशा सुरू झाला.

सव्वा वर्षाचं मूल बहुतेक पाण्यावर थापटतं. दीड वर्षाच्या आसपास बुडवून भरतं. दोनच्या सुमारास एकीतून दुसरीत ओतायला जातं आणि अर्धं बाहेर सांडतं, कारण एक हात स्थिर धरून दुसरा वळवणं ही दोन कामं एकाच वेळी करायची असतात. याच जोडकामावर पुढे बटण लावणं, वाटी धरून चमच्यानं खाणं उभं राहतं. आणि अडीचच्या पुढे कधीतरी पोर गळत्या करवंटीच्या डोळ्याला खालून बोट लावतं, धार थांबते, बोट काढतं, धार सुटते. हा क्षण चुकवू नका. तुम्ही काहीही शिकवलेलं नसतं आणि पोरानं कारण नि परिणाम दोन्ही हातात पकडलेले असतात.

खेळ बिघडतो तो ठरावीक कारणांनी. मूल भुकेलं किंवा झोपेला आलेलं असलं तर करवंट्या भिंतीवर आपटतात. पाणी फार असलं तर ओतण्याऐवजी आंघोळ होते. पावसाळ्यात खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे परात मांडली तर पहिल्या उठण्यालाच पोर पडतं. आणि एकदम ओढून घेतलं तर आकांत. ‘पाच मिनिटांनी बंद’ याचा या वयात काही अर्थ नसतो, वेळ अजून कळत नाही. ‘अजून दोन करवंट्या, मग पाणी अबोलीला’ हे कळतं. शेवटचं पाणी झाडाला घालणं हा खेळाचाच भाग करा, आवरणं भांडणाविना होतं.

परात चालेल, बादली नाही. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं. वाकलेलं मूल तोंडावर आत जातं आणि हातांच्या जोरावर बाहेर येऊ शकत नाही, त्याला काही इंच पाणीही पुरतं. आणि बुडणारं मूल ओरडत नाही. न्हाणीघरातली बादली, गुरांची दोण, बिनकठड्याची विहीर, घरामागचा व्हाळ (ओढा), या प्रत्येकापाशी नियम एकच: मोठं माणूस हाताच्या अंतरावर. ‘स्वयंपाकघरातून लक्ष आहे’ हे लक्ष नव्हे.

दारातल्या वस्तूंवर बालशिक्षण उभं करण्याची कल्पना या किनाऱ्याला नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाड्या सुरू केल्या. महागडी माँटेसरी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती वापरली. मुलं शाळेपर्यंत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून ‘अंगणवाडी’ निघाली. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं हाच शब्द घेतला.

बोलायचं किती, कधी

खेळताना गप्प बसा म्हटलं, पण मुका राहा असं नाही. मूल जे बघतंय त्यालाच शब्द द्या: ‘भरली.’ ‘सांडलं!’ मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. मुलाला ऐकून, समजून, आवाज जुळवून उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. मोठी माणसं दोन सेकंदांत पुढचं वाक्य टाकतात आणि पोराची पाळी हुकते. मग त्यानं हुं केलं, बोट दाखवलं, काहीही केलं, तर ते उत्तर समजून पुढचं बोला. भाषा या देवाणघेवाणीतून येते. ‘हे काय? ते काय? काऊ कुठाय?’ ही तोंडी परीक्षा पाहुण्यांपुढे ठीक, रोज नको.

घरात मालवणी आणि अंगणवाडीत पुस्तकी मराठी, यानं मूल गोंधळेल ही भीती अनाठायी आहे. दोन बोलींमुळे बोलणं लांबत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्हींतले मिळून मोजा. जी बोली तुमच्या तोंडात सहज येते तिच्यात बोला, कारण तिच्यात तुम्ही जास्त आणि खरं बोलता.

मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस स्पष्ट आहे: एक वर्षाच्या मुलाला पडदा नको, दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर बरंच. त्याच शिफारशीत या वयाला दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल सांगितली आहे, आणि एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप. पडद्यानं नुकसान होतं ते मुख्यतः एवढंच, की तो समोर असताना वरची देवाणघेवाण थांबते. गाव सोडून गेलेल्या बाबांशी व्हिडिओ कॉल हा त्यातला प्रकार नव्हे, तिथे पलीकडून उत्तर येतं.

गणपतीत होणारी भांडणं

चाकरमानी आले, घरात पाच पोरं जमली, आणि दोन वर्षांच्या दोघांनी एकाच गाडीवरून एकमेकांचे केस ओढले. ‘शहाणा ना तू? दे त्याला’ हे वाक्य इथे वाया जातं. ‘माझं’ हेच नुकतं कळायला लागलंय, ‘माझं असून तुला देतो आणि परत मिळेल’ हे दोन मजले वरचं आहे. अमेरिकन अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले, त्यांत या वयाचा टप्पा शेजारी-शेजारी खेळण्याचा आहे: एकमेकांच्या बाजूला, एकमेकांकडे बघत, पण आपापलं. म्हणून वस्तू भारी नको, जोडीनं हवी. दोन करवंट्या, दोन पिशव्या, पोफळीच्या दोन विऱ्या (झावळीच्या बुडाचे रुंद, खोलगट पदर). विरीवर पोराला बसवून खळ्यातून हळू ओढणं हा तर भांडणाचा रामबाण उपाय: बसणाऱ्याला तोल सांभाळावा लागतो, ओढायला मोठी भावंडं हौसेनं तयार असतात. आधी विरीची कडा हातानं तपासा, वाळलेली चिरते.

मुंबईहून आलेली बॅटरीची गाडी दोन दिवसांत कोपऱ्यात पडते याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे खेळणं खेळतं आणि पोर बघतं, खोका मात्र आठवडाभर चालतो. विकत घ्यायचंच तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून लाकडी खेळणं घेताना रंग कोणता हे कारागिरालाच विचारावं.

दीड-दोनपासून पोर ‘खोटं खोटं’ करू लागतं. आधी रिकाम्या वाटीतून बाहुलीला भरवणं, मग एका वस्तूला दुसरी मानणं. फणसाचं पान पापलेट होतं, आंब्याचं लांबट पान बांगडा. ‘अरे, ते पान आहे’ म्हणून दुरुस्त करू नका. पान समोर असताना मनात मासा धरून ठेवणं ही मोठी उडी आहे, उद्या कागदावरच्या रेघेला ‘क’ मानायचं तेही असंच. भाव विचारा, महाग म्हणा, पिशवीत घ्या. पुढचं पोरच ठरवेल.

हाताशी नको ते

सव्वा इंचापेक्षा कमी जाडीची कोणतीही कडक वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकते. कोकणात ही यादी वेगळी होते: सुपारी, फणसाची आठळी (बुळबुळीत, म्हणून जास्त वाईट), चिंचोके, ताईचे सागरगोटे. काजूची ओली बी दुहेरी धोक्याची, टरफलातल्या तेलानं तोंड भाजतं. लाल-काळ्या गुंजा दिसायला गोड आणि जहरी. मासेमारी करणाऱ्या घरांत गळ तर आहेतच, पण पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, ओवलेले शिशाचे मणी पोरं चोखतात. शिसं मेंदूच्या वाढीला मारक, पाग उंच टांगा.

अडकलंच आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा, तरी नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच धक्के, पुन्हा थापा. दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. पोटावरचे धक्के एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचे नाहीत.

माती, वाळू खुशाल. फक्त पावसाळ्यात शेताकडेच्या साचलेल्या पाण्यात, विशेषतः पायाला खरचटलेलं असताना, नको. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो तो त्याच पाण्यातून. किनाऱ्यावर ओहोटीची ओली वाळू निवडा, कोरडीचा आकार टिकत नाही आणि पोर चिडतं.

खूळ आणि काळजी

तेच तेच करणं हे वाढीचंच लक्षण, हे इतकं सांगितल्यावर एक फरक सांगायला हवा. निरोगी खुळात बदल होत राहतात आणि तुम्ही त्यात असता: पोर करवंटी भरतं, तुमच्याकडे बघतं, दाखवतं, हसतं. गाडी उलटी धरून फक्त चाकच फिरवत राहणं, कुणाकडे न बघणं, हाक मारली तरी न वळणं, हे महिनोन्महिने बदलत नसेल तर तपासणी हवी. तसंच दीड वर्षापर्यंत आधाराविना चालत नसेल किंवा हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वर्ष घालवू नका. पहिली तपासणी कानांची मागा.

सुरुवात अंगणवाडी सेविकेपासून करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये याच किनारपट्टीवर, पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं आणि गरज वाटल्यास जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या, केंद्रात पाठवतं. जाताना एक करा: घरी पोर परातीशी किंवा रोवळीशी खेळत असताना, त्याच्या नकळत, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. त्यात एकदा नावानं हाक मारा. दवाखान्यात पोर आईच्या खांद्याला चिकटून बसतं आणि डॉक्टरांना हवं ते नेमकं दिसत नाही.